भिंगरीचं कार्ड

फोन टुणकन वाजला की फ्रेमवाला हातातलं काम तिथेच टाकायचा. मग काच अर्धी कापलेली असो, नाहीतर समोर गिऱ्हाईक चुळबुळत उभं असो. आधी हात ॲप्रनला पुसायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि मेसेज वाचायचा. मेसेज बँकेचा. तुमच्या कार्डावर अमुक ठिकाणी अमुक खर्च झाला. संपलं. पण हा माणूस ती एक ओळ अशी चवीने वाचायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला लॉटरीच लागली.

खर्च त्याचा नसायचाच. क्रेडिट कार्ड त्याचं होतं, पण त्याच्या जोडीला बँकेने आणखी एक कार्ड दिलेलं, लेकीच्या नावाचं. ही लेक दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकत होती. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आणि ही भिंगरी गेलं वर्षभर बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. फोन केला तर उचलायची नाही, मेसेज केला तर उत्तर नाही. तिची खबर कळायची ती अशी, बँकेच्या तोंडून. स्टेशनरीचं दुकान. बेकरी. लाँड्री. बेकरीचं नाव आलं की त्याला बरं वाटायचं, पोरगी काहीतरी खातेय म्हणून. एकदा मात्र लागोपाठ दोन दिवस औषधांचं दुकान आलं आणि त्याचा जीव टांगणीला लागला. लगेच ताईला फोन. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. भिंगरी तिच्याशी मात्र बोलायची.

"अगं, तिला विचार ना, ताप वगैरे आहे का."

"तूच विचार की. लेक तुझी आहे, माझी नाही."

पण ताईचं सगळं तोंडावरच. थोड्या वेळाने तिचा उलट फोन आला. "सर्दी झालीय. शिंकतेय. झालं समाधान? आता काच काप, बोट नको कापूस."

हे कार्डाचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते बँकेनेच. पूर्वी एकदा फ्रेमचे कोपरे कापायचं नवं मशीन घ्यावं म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून कर्ज मागायला गेला होता. छाती पुढे काढून गेला होता. का नाही जाणार? आयुष्यात कुणाचं देणं रात्रभर ठेवलेलं नाही, लाकूडवाल्याचं बिल आलं की संध्याकाळच्या आत चुकतं केलेलं. साहेबाने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तुमची काही माहितीच दिसत नाही हो."

"दिसणार कशी? मी कधी कुणाकडून काही घेतलंच नाही."

"तेच तर. घेतलेलं तुम्ही फेडता की नाही, हे आम्हाला कसं कळायचं? आधी एखादं कार्ड घ्या, वापरून वेळेवर फेडा, मग बघू."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायको हसून हसून भिंतीला टेकली. "म्हणजे नुसतं सज्जन असून भागत नाही, सज्जन असल्याची पावती पाहिजे!" ती पुढे महिनाभर त्याला पावती मागत होती. भाजी आणली, दाखवा पावती. दाढी केली, दाखवा पावती. हा मात्र हसला नाही. त्याला ते फार लागलं होतं. आपलं झालं ते झालं, पण पोरीवर ही पाळी यायला नको, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं.

म्हणून भिंगरी कॉलेजला निघाली तेव्हा त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते नवं कोरं कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. आता शिकवणी सुरू.

"हे चैनीसाठी नाही. दर महिन्याला ह्याच्यावर काहीतरी घ्यायचं. छोटंसं. तारखेच्या आत पैसे मला पाठवायचे, मी भरतो."

"काही नको असलं तरी घ्यायचं?"

"तरी घ्यायचं. उद्या तुला खोली भाड्याने हवी असेल, पुढे शिकायला कर्ज हवं असेल, तेव्हा ते लोक हेच बघणार. आणि घ्यायचं ते नेहमी थोडं. मर्यादेच्या जवळपास फिरकायचं नाही. तारीख तर एकही चुकवायची नाही. एकदा डाग पडला की वर्षानुवर्षं निघत नाही."

"बास करा हो," आई ओट्यापासून ओरडली. "पोरगी कॉलेजला चाललीय, तुरुंगात नाही."

भिंगरीने कार्डावर उमटलेलं स्वतःचं नाव बोटाने चाचपलं, मग कार्ड नाकाशी नेऊन वास घेतला. आणि पोरीने शब्द पाळला, अगदी काटेकोर. पहिलं वर्षभर दर महिन्याला तिचा फोन यायचा. "बाबा, ह्या महिन्याचं काय घेऊ? मोजे की डिंक?" आणि हा गडी दुकानातलं काम थांबवून खरंच विचार करायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "मोजे घे. थंडी येतेय."

मग तिची आई आजारी पडली.

आजार उघडकीला आला आणि भिंगरीची परीक्षा सुरू झाली, दोन्ही एकदमच. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. पण फ्रेमवाल्याने ठरवून टाकलं, पोरीचं वर्ष वाया जाता कामा नये. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून तो रोज तिला फोन करायचा आणि आवाज मोकळा करून सांगायचा, "काही नाही गं, सगळं ठीक आहे. जरा अशक्तपणा आहे. तू पेपर दे." खाटेवरून बायको म्हणायची, "बोलवा ना तिला." तो म्हणायचा, "शेवटचा पेपर होऊ दे. मग मीच जाऊन घेऊन येतो." ती हं म्हणायची आणि दाराकडे बघत पडून राहायची.

शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती गेली. आणि ऐका, त्या दिवशीही ह्या शहाण्याने लेकीला फोन केला नाही! एकच पेपर उरलाय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी भिंगरी पेपर देऊन हसत बाहेर आली तर परीक्षा केंद्राच्या दारात आत्या उभी. आत्याला काही सांगावंच लागलं नाही.

वाईट होता का हा माणूस? छे हो. मुंगीवर पाय पडला तर चुकचुकणारा. पण आपल्या माणसाच्या वाटणीचं दुःख आपणच परस्पर गिळून टाकायचं, अशी त्याला खोडच होती, आणि त्यालाच तो माया म्हणायचा. राग येतो असल्या मायेचा. त्या मायेपायी एका पोरीला आईचं तोंड जिवंतपणी बघायला मिळालं नाही.

परत जाताना भिंगरी दारात थांबली होती. रडून रडून चेहरा सुजला होता. "पेपर की आई, एवढं तरी मला विचारायचंत, बाबा," एवढं म्हणाली आणि बॅग उचलून गेली. ते शेवटचं.

कार्ड मात्र चालू राहिलं. दर महिन्याला काहीतरी छोटंसं, आणि तारखेच्या कितीतरी आधी पैसे त्याच्या खात्यात, सोबत चकार शब्द नाही. फ्रेमवाल्याला वाटायचं, शिस्त लागलीय पोरीला, ती पाळतेय. ह्याहून जास्त काही समजायचं धाडस त्याने केलं नाही.

आणि एकदा मेसेज आला तो एका फ्रेमच्या दुकानाचा.

फ्रेमचं दुकान! कुणाचा फोटो, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तो स्टुलावर मटकन बसला. उभं आयुष्य दुनियेचे फोटो मढवले, आणि स्वतःच्या बायकोचा फोटो मढवायला लेक दुसऱ्याकडे गेली.  पण धंदा हाडात मुरलेला, त्यामुळे जरा वेळाने दुसरीच काळजी सुरू झाली. त्या माणसाने फोटो आणि काच ह्यांच्यात जागा ठेवली असेल ना? आळशी कारागीर फोटो थेट काचेला लावतात. मग दमट हवेत तो चिकटतो, आणि काढायला जावं तर चेहराच सोलून येतो. त्याने ताईला फोन लावला. "तिला म्हणावं, फोटो काचेला टेकलेला नाही ना, बघ." ताईच्या जिभेला नेहमी धार, पण त्या दिवशी ती नुसतं "सांगते" म्हणाली.

आता धंद्याचं ऐका. हल्ली फोटो फोनमध्ये राहतात आणि तयार फ्रेमा मोठ्या दुकानांत ढिगाने मिळतात. फ्रेमवाल्याकडे येणार कोण? अशात एका नव्या हॉटेलाचं काम आलं. सगळ्या खोल्यांसाठी एकच चित्र, समुद्रात होडी. हा हरखला. लाकूड, काच, सगळं कार्डावर उचललं. मर्यादेच्या जवळपास फिरकू नको म्हणून लेकीला बजावणारा हा माणूस स्वतः मर्यादेला नाक लावून बसला. आणि हॉटेल उघडायच्या आधीच बुडालं. मालक फोन उचलेना, मग फोनच बंद झाला. दुकानात भिंतीला टेकून त्या होड्या उभ्या राहिल्या, रांगेमागे रांग, पार छतापर्यंत. विकायला काढाव्यात तर एकसारख्या इतक्या होड्या घेणार कोण? तरी पुढच्या तारखेचं काहीतरी जमेल, असं तो मनाला समजावत होता. जमणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. आवाजातच हसू होतं. "अरे, भिंगरीला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला! आईला सांगायची तसं दम न घेता सांगितलं मला. कर्जाला अर्ज करतेय. बँक सगळी जुनी नोंद तपासणार म्हणे. ती म्हणाली, तपासू दे, माझी एक तारीख चुकलेली नाही."

फ्रेमवाल्याला इतका आनंद झाला की दुकानात कुणी नसताना तो एकटाच टाळी वाजवून हसला. आणि मग त्याला आठवलं, त्या जुन्या नोंदीत त्याचंच कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला. काउंटरवर एक मुलगी होती, भिंगरीच्याच वयाची असेल.

"माझी तारीख चुकली तर लेकीच्या नोंदीत दिसेल का हो?"

तिने बघितलं. "दिसेल. ह्या कार्डावर त्यांचंही नाव आहे ना."

"आणि तिचं नाव आजच काढून टाकलं तर?"

"तर पुढचं जे काही होईल ते तुमच्या एकट्याचं. त्यांना त्रास नाही."

"मग काढा."

"त्यांचं कार्ड लगेच बंद होईल. त्यांना कळवावं लागेल, तुम्ही सांगाल ना?"

"सांगतो की," तो म्हणाला. जिन्यात उभा राहून बोलायचा त्याच मोकळ्या आवाजात. सही केली. पेन परत देताना हात मागे घ्यायचं विसरून म्हणाला, "म्हणजे तिच्या खर्चाचे मेसेज मला आता येणार नाहीत."

मुलीला वाटलं, बाबा खर्चाला कंटाळलेत. ती गोड हसली. "नाही, आता निश्चिंत राहा. एकही येणार नाही."

तो बाहेर आला आणि बँकेच्या पायरीवर बसला. येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती. लेकीचा एक धागा हातात होता तो आपल्याच हाताने कापून आलो, आणि दुसरा काही इलाजच नव्हता, असं तो स्वतःला सांगत होता. रडू येत होतं, पण भर रस्त्यात रडायची त्याला लाज वाटली.

ताईला त्याने सांगितलं, न सांगून काय करतो. होड्यांसकट सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे तिला सांगितलंस?"

"तिला कळलं तर ती अर्ज टाकून इकडे येईल गं. साठवलेलं सगळं माझ्या पुढ्यात ओतेल. शिक्षण बोंबलेल. कर्ज एकदा तिच्या हातात पडू दे, मग सांगतो."

"शेवटचा पेपर होऊ दे, मग सांगतो. हो ना?"

तो समोरच्या होड्या मोजायला लागला.

"हे बघ, मी तिला काही सांगणार नाही. ते काम तुझं आहे. मागच्या वेळी त्या दारात मी उभी होते, पोरीचा चेहरा मी बघितलाय. आता परत मी उभी राहणार नाही." आणि ताईने फोन ठेवला. ताई कधी आपणहून फोन ठेवायची नाही, रामराम म्हटल्यावरही बोलत राहणारी बाई ती.

त्यानंतर त्याने खूपदा ठरवलं. आज सांगू, उद्या सांगू. एकदा तर फोनमध्ये भिंगरीचं नाव शोधून बटणावर अंगठाही ठेवला. ती उचलायची नाहीच, असं म्हणून फोन परत खिशात टाकला. उचलला तर काय, ही भीती खरी होती.

मग ती दुपार आली. दुकानात एक आजीबाई होत्या. जुना फोटो घेऊन आल्या होत्या, दोन वेण्यांच्या दोन मुली, एकीच्या हातात मांजर. फ्रेमवाला त्यांना लाकडाचे तुकडे दाखवत होता, तेवढ्यात फोन टुणकन वाजला. सवयीने हात ॲप्रनला पुसले गेले, चष्मा नाकावर आला. मेसेज खर्चाचा नव्हता: व्यवहार नाकारला, कार्ड बंद आहे. खाली बेकरीचं नाव.

पोरगी बेकरीच्या गल्ल्यापाशी कार्ड हातात धरून उभी आहे, मागे माणसं खोळंबली आहेत, हे त्याला जसंच्या तसं दिसलं.  आजीबाई काळं लाकूड की तपकिरी, विचारत होत्या. तो दोन्हीला हो म्हणाला.

आणि थोड्या वेळाने फोन वाजला. ह्या वेळी टुणकन नाही, पूर्ण वाजला. भिंगरीचं नाव. वर्षभराने.

"बाबा."

"बोल," तो म्हणाला. बोल, कशी आहेस, जेवलीस का, एवढं सगळं साठलेलं, आणि बाहेर पडला तो एवढाच शब्द.

"कार्ड चाललं नाही. बँकेला फोन लावून विचारलं तर म्हणाले, वडिलांनीच नाव काढलंय. खरं?"

"हो."

"का?"

"तू मोठी झालीस आता. तुझं तू घे. स्वतःच्या नावावर."

"माझं आहे, बाबा. केव्हाचं आहे. आई गेल्यावर लगेचच घेतलं मी."

त्याला कळेना. "मग हे कशाला वापरत होतीस?"

 पलीकडे बेकरीतली भांडी वाजल्याचा आवाज आला.

"तुम्हाला मेसेज जातो म्हणून," ती म्हणाली. आवाज ओला झाला होता. "मला बोलता येत नव्हतं हो. राग जातच नव्हता. पण वाटायचं, निदान एवढं तरी कळावं तुम्हाला, की मी आहे, खातेय-पितेय. त्या फ्रेमच्या दुकानात पण मुद्दाम हेच कार्ड दिलं. मग आत्याकडून तुमचा तो काचेचा निरोप आला. घरी येऊन मी मागचे खिळे काढून बघितलं. चिकटला नव्हता फोटो. त्या माणसाने जागा ठेवली होती."

फ्रेमवाल्याने टेबलाची कड धरली.

"मला वाटायचं, तुम्हालाही माहीत आहे," भिंगरी म्हणाली. "वाटायचं, आपलं हे चाललंय, हळूहळू होईल. आणि आज कळलं, तुम्ही नावच काढून टाकलंत."

"तसं नाही गं..."

"मग कसं? काहीतरी झालंय तिकडे. तुम्ही उगाच असं करणार नाही. बाबा, ह्या वेळी तरी सांगा. मी विचारतेय ना तुम्हाला."

समोर होड्या उभ्या होत्या, छतापर्यंत. तिचा अर्ज बँकेत होता. एक शब्द बोललो तर ही संध्याकाळची गाडी पकडेल. त्याने तोंड उघडलं, आणि खरं सांगायला उघडलं होतं हो, देवाशपथ, पण बाहेर पडलं ते जिन्यातलं वाक्य.

"काही नाही गं, सगळं ठीक आहे."

ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तिलाही आलं. 

"बरं," भिंगरी म्हणाली. आता आवाजात रडू नव्हतं, काहीच नव्हतं. "आईच्या वेळी असंच म्हणाला होतात."

फोन बंद झाला. त्याने उलट लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, मग कापला गेला. परत लावला तर वाजलाच नाही. आता मेसेज येणार नव्हता. बेकरी नाही, लाँड्री नाही, औषधांचं दुकानसुद्धा नाही. ह्यापुढे तिला ताप आला तरी त्याला कळणार नव्हतं.

"दुकान बुडालं गं," तो बंद फोनला म्हणाला. "सगळं गेलं. मी काय करू?"

"मला काही म्हणालात का?" आजीबाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काय समजायचं ते त्या समजल्या. मग फोटो हळूच पुढे सरकवला. "आम्ही दोघी बहिणी. एवढा एकच आहे आमच्याकडे. काचेला चिकटणार नाही ना हो?"

"नाही आजी, मध्ये जागा ठेवतो मी," तो म्हणाला, आणि पट्टी घेऊन फोटोची मापं घ्यायला लागला. आकडे दिसत नव्हते, म्हणून चष्मा पुसून त्याने परत घेतली.